नमुना बाहेर बाकावर बसला आहे

ती. मामांस,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते. कंबरेत उसण भरली, ती अजून गेलेली नाही. तेव्हा नमस्कार जरा तिरका वाटला तर त्यात अनादर शोधू नये.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं आणि आता समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले रुमालसुद्धा तुम्हाला मोजता येतात, असं कळलं. फार बरं वाटलं. फक्त मोजून झाल्यावर ते रुमाल कुणाचे, याची चौकशी करायला त्या घरी जाऊ नये, असा मामींचा निरोप आहे म्हणे. मामींनाही नमस्कार. आई ठीक आहे. मी ठीक होते, आता आहे की नाही ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. मामा, राग मानू नका, पण फोनवर तुम्ही माझ्या दर वाक्याला ‘बरं, बरं’ म्हणता आणि दहा मिनिटांनी विचारता, ‘मग, बाकी काय?’ आता सगळं सांगून झाल्यावर बाकी काय राहणार? शिवाय आमच्याकडे फोनला रेंज मिळते ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि खिडकीतून बोललेलं तिन्ही मजल्यांना ऐकू जातं. पत्र कसं, तुम्ही एकटे बसून वाचाल, आणि नव्या डोळ्याने वाचाल.

तर बातमी अशी, की मला मुलाखतीला बोलावलं होतं. कपड्यांच्या डिझाइनच्या, म्हणजे लोक ज्याला फॅशन म्हणतात त्याच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला. हसू नका. तुमच्या आधी मी हसून घेतलंय. सहा वर्षं रुग्णालयाच्या शिवणखोलीत बसून चादरींना टीप मारणारी मुलगी आणि फॅशन! आमच्या खोलीत चार मशिनं, एक खिडकी, आणि खिडकीपलीकडे लाँड्रीची भिंत. उशांचे अभ्रे, फाटक्या चादरी, डॉक्टरांच्या कोटांचे उसवलेले खिसे (डॉक्टर खिशात काय ठेवतात देव जाणे, खिसे नेहमी उजवीकडचेच उसवतात), आणि रुग्णांचे ते गाऊन, ज्यांच्या नाड्या पाठीमागे असतात. मी आजवर किती नाड्या लावल्या असतील याची गणतीच नाही. एक दिवस नाडी लावता लावता सहज विचार आला, की जो माणूस उठून बसू शकत नाही त्याने पाठीमागची नाडी बांधायची कशी? आणि ही नाडी पाठीमागे लावायचं ठरवलं कुणी? शिवणखोलीत विचारलं तर सगळ्या म्हणाल्या, पहिल्यापासून तशीच आहे. हा ‘पहिल्यापासून’ माझ्या डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीत मी प्रवेशाचा अर्ज भरून टाकला. त्या संस्थेने प्रवेशपरीक्षेत प्रत्येकाला एक चादर आणि पाऊण तास दिला, ‘यातून कपडा घडवा’ म्हणून. आजूबाजूची मुलं चादरीकडे साप असल्यासारखी बघत होती. मला मात्र माहेर सापडलं. पास झाले.

मग मुलाखतीचं पत्र आलं. येताना आपल्या कामाचा संग्रह आणावा, आणि स्वतः घडवलेला एक नमुना आणावा. मुलाखत वीस मिनिटं. तयारीला चार आठवडे. 

हे मी फक्त दोघांना सांगितलं. पहिल्या आमच्या मुकादमबाई. शिवणखोली त्यांच्या ताब्यात असते, त्यामुळे रजेसाठी सांगणं भागच होतं. त्या आईच्या जुन्या मैत्रीण, तुम्ही त्यांना आमच्याकडे पाहिलंय, ठेंगण्याशा, बोलताना तोंडात टाचण्या धरतात त्या. त्यांनी टाचण्या बाजूला काढून शपथ घेतली की कुणालाही सांगणार नाही. मग म्हणाल्या, दाखव तुझी चित्रं.

मामा, चित्रकलेत मी कशी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मला कपडा काढता येतो, कपड्यातला माणूस काढता येत नाही. हात जमतात, पाय लांब झग्याखाली लपवता येतात, पण डोकं काही केल्या जमत नाही. म्हणून मी ते काढायचंच सोडून दिलं होतं. बाईंनी वही चाळली, पंचवीस-तीस बिनडोक्याची माणसं पाहिली आणि शांतपणे विचारलं, ‘हे सगळे ऑपरेशन थिएटरमधून आलेत का?’

त्यांच्याच सांगण्यावरून मी चित्रांच्या जोडीला खऱ्या कापडाचे तुकडे लावायचं ठरवलं. सहा वर्षांत केलेल्या दुरुस्त्यांचे नमुने. रफू कसं केलं, शिवण आतल्या बाजूला न ठेवता बाहेर कशी काढली, म्हणजे झोपून असलेल्या माणसाच्या पाठीला ती टोचत नाही. असे चाळीस तुकडे जाड कागदांवर चिकटवले, सुंदर बाड बांधलं, आणि सांडू नये, मळू नये म्हणून एका स्वच्छ चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. चूक इथेच झाली. आमच्या कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेलं जे काही असतं ते लाँड्रीतले दादा सकाळी उचलून नेतात. त्यांनी माझा संग्रह उचलला आणि चादरीसकट यंत्रात घातला. गरम पाणी, जंतुनाशक, पाऊण तास.

मी धावत पोचले तेव्हा दादा यंत्राच्या दाराशी उभे राहून आत डोकावत होते. आत राखाडी लापशी झाली होती. पंचवीस-तीस बिनडोक्याची माणसं विरघळून गेली होती. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसून रडले. दादा बिचारे इतके घाबरले, की त्यांनी त्या लगद्यातून चाळीसच्या चाळीस तुकडे एकेक करून वेचले, पिळले, इस्त्री केले आणि संध्याकाळी माझ्या मशिनवर नीट चळत लावून ठेवले. एकाही तुकड्याची टीप उसवलेली नव्हती. एकही नाही, मामा! मुकादमबाईंनी तुकडे उजेडात धरून पाहिले आणि म्हणाल्या, ‘कागदावर कशाला चिकटवतेस, कापडावरच शीव की.’ मग मी कापडाची पानं असलेलं पुस्तक शिवलं. चित्रं गेली ती गेलीच. खरं सांगायचं तर मला त्यांची फारशी आठवणही येत नाही.

दुसरे ज्यांना सांगितलं ते शेजारचे निरीक्षककाका. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, आणि खात्यात भरती असली की मुलाखती घ्यायला बसायचे. आपण दोनशे उमेदवारांना घाम फोडलाय, असं ते स्वतःच सांगतात. मी मुलाखतीचं नाव काढायचा अवकाश, त्यांनी जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं, पलीकडे बसले आणि मला दाराबाहेर काढलं. रोज संध्याकाळी पाच वाजता हा प्रकार सुरू झाला. पहिल्या दिवशी मी ‘आत येऊ का?’ विचारलं तर म्हणाले, ‘नाही.’ आता यावर काय करायचं असतं? मी परत घरी आले. तर मागून ओरडले, की अशी कशी गेलीस, चिकाटी नको का! चौदा वेळा आत-बाहेर केलं. आत गेल्यावर प्रश्न कसले, तर रिकाम्या तराजूचा काटा कुठे असावा. मी म्हटलं, मधोमध. म्हणाले, ‘आणि उमेदवार?’ उत्तरही त्यांनीच दिलं: ‘उमेदवारही मधोमध. घमेंडीकडे झुकायचं नाही आणि रडगाण्याकडेही नाही.’ हे मात्र मला पटलं, मी लिहून घेतलं. मग त्यांनी द्रवपदार्थांच्या मापांवर अर्धा तास घेतला. मी म्हटलं, काका, मला कपड्यांबद्दल विचारतील. म्हणाले, कपडा मीटरवर मोजतात ना, मग मीटरपट्टीवर किती ठिकाणी शिक्का असतो ते सांग. (तुम्हाला माहीत असेल तर कळवा. त्यांनी अजून सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या आठवड्यात काकू चार दिवस बहिणीकडे गेल्या. त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी मी ‘आत येऊ का’ करून आत गेले, बसले, आणि माझं लक्ष काकांच्या शर्टाकडे गेलं. बटणं चुकीच्या काजांत गेली होती. कॉलरची एक बाजू कानाशी, दुसरी खांद्यावर. आदल्या दिवशीही तसंच होतं, तेव्हा मला वाटलं होतं घाईत झालं असेल. माझ्यातली शिवणकाम करणारी बाई गप्प बसेना. मी म्हटलं, ‘काका, बटणं एक घर चुकलीयत.’

त्यांनी खाली पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. हातातला प्रश्नांचा कागद टेबलावर ठेवला, आणि तो ठेवताना मला दिसलं, की कागद थरथरत होता.

‘हात हल्ली ऐकत नाहीत,’ म्हणाले. ‘सकाळी ही लावून देते बटणं. मी असा उभा राहतो, शाळेत जायच्या पोरासारखा. आज ही नाही. पाऊण तास लागला, आणि तू म्हणतेस तरी एक घर चुकलंच.’

मामा, हा माणूस तराजूचा काटा केसभर हलला तर दुकान बंद करायचा.  ते म्हणाले, ‘आजची मुलाखत संपली,’ आणि मला बाहेर जायला सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदाच दारातून कसं जावं यावर सूचना मिळाली नाही.

घरी येऊन मी नमुन्यासाठी बेतायला घेतलेलं सगळं कापड गुंडाळून ठेवलं. (काय बेतत होते ते विचारू नका. संध्याकाळी घालायचा एक झगा होता. तो घालून कुणी कुठे जाणार होतं हे मलाही माहीत नव्हतं.) आणि काकांसाठी शर्ट शिवायला घेतला. दिसायला अगदी नेहमीचा, पुढे बटणांची रांग, पण बटणं नुसती शोभेची, आणि खरं काम आत लपलेलं. वाचायला जितकं सोपं वाटतंय तितकं ते नव्हतं.

पहिल्या शर्टाला बटणपट्टीच्या आतून वरपासून खालपर्यंत वेल्क्रो लावला. काकांनी तो हौसेने घातला आणि ग्रंथालयात गेले. तिथे उकडलं म्हणून गळ्याशी जरा सैल करायला गेले, तर चर्रर्र असा आवाज झाला की वर्तमानपत्रं वाचणारे सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. एका गृहस्थाने आपली शाल देऊ केली. घरी आल्यावर तोच वेल्क्रो काकूंच्या लोकरी स्वेटरला चिकटला. नवराबायको दोन मिनिटं दारात एकमेकांना धरून उभे होते, आणि जिन्यातून जाणाऱ्या आईने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या शर्टात चुंबकं घातली. छोटी, चपटी, प्रत्येक बटणाखाली एक. आवाज नाही, काही नाही, नुसतं जवळ आणलं की टक्कन बसायचं. मी स्वतःवरच खूश झाले. काका कपाटातून फाइल काढायला गेले आणि छातीने लोखंडी कपाटाला चिकटले. सोडवताना पुढची दोन बटणं कपाटावरच राहिली. जेवताना चमचा हातातून सुटला तो खाली न पडता पोटावर जाऊन बसला. काका म्हणाले, सोय वाईट नाही. पण वॉर्डातल्या नर्सबाईंना सहज सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने हा शर्ट घालायचा नाही हं, त्याच्या आसपासही न्यायचा नाही. काकांना पेसमेकर नाही, पण त्यांच्या वयाच्या किती जणांना असेल! चुंबकं उसवून काढली. ती सध्या आमच्या घरी हरवलेल्या सुया शोधतात.

तिसरा शर्ट डोक्यातून घालायचा केला. छातीच्या खाली शिवून बंद, वर गळा चांगला मोठा उघडणारा, आणि तिथे फक्त तीन ठिकाणी, नखाएवढे वेल्क्रोचे तुकडे. कफांना मागच्या बाजूने इलॅस्टिक, म्हणजे हात सरळ आत जातो. बाहेरून बघणाऱ्याला सात बटणांचा इस्त्रीचा शर्ट. काकांनी तो खात्याच्या पद्धतीने तपासला. घड्याळ समोर ठेवून वीस वेळा घातला, वीस वेळा काढला, प्रत्येक वेळ लिहून ठेवली आणि मला कळवलं, की सरासरी बावीस सेकंद. मग आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि लगेच बाहेर आल्या नाहीत.

आता अडचण बघा. नमुना मला मुलाखतीला न्यायचा होता. मी आदल्या दिवशी शर्ट मागितला, तर काकांनी तो अंगातच घातलेला. म्हटलं, काका, मी तुमच्यासाठी दुसराही शिवलाय ना? तो दोरीवर वाळत होता, ओला. म्हणाले, हा घातला की तो धुवायचा, तो घातला की हा, असं चाललंय; जुने शर्ट काकूंनी देऊन टाकले. मी खूप विनवलं. शेवटी खुर्चीत ताठ बसून म्हणाले, ‘शर्ट हवा असेल तर माणसासकट न्यावा लागेल.’

नेला. दुसरं काय करणार!

संस्थेच्या लांबलचक व्हरांड्यात बाकं होती, आणि बाकांवर बाकीचे उमेदवार. एका मुलीने तारांचा घागरा आणला होता, तो दारातून आत जाताना अडकला. एकाने कापडी पुतळा आणला होता आणि तो त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता. माझ्या मांडीवर धुतलेल्या तुकड्यांचं पुस्तक आणि शेजारी काका, जे प्रत्येक उमेदवाराला सांगत होते की पाठ टेकू नका. माझं नाव पुकारलं तेव्हा ते कानात म्हणाले, ‘काटा मधोमध.’

आत तिघं होती. मधे चष्मेवाल्या बाई, एका बाजूला दाढीवाले प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला कपड्यांच्या कारखान्यातून आलेले एक तरुण गृहस्थ. मी काकांनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, आत येऊ का. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, ‘आलाच आहात.’ याची तयारी आम्ही केलेली नव्हती. पुढच्या पाच मिनिटांत मला तीनदा ‘थोडक्यात सांगा’ असं सांगण्यात आलं. (मामा, मला थोडक्यात येत नाही, हे तुम्हाला आता कळलंच असेल.) दाढीवाल्यांनी विचारलं, तुमच्यावर कोणत्या डिझायनरचा प्रभाव आहे? मी घोकून ठेवलेली सगळी मोठी नावं त्या क्षणी डोक्यातून लाँड्रीच्या पाण्यासारखी वाहून गेली. मी म्हटलं, ‘आमच्या मुकादमबाईंचा.’ तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी पुस्तक उघडून ती बाहेर काढलेली शिवण दाखवली आणि पाठीला न टोचण्याचं सांगितलं. चष्मेवाल्या बाईंनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं, आणि पानं न उलटता डोळे मिटून नुसता हात फिरवत राहिल्या. कारखानेवाल्यांनी विचारलं, याला जंतुनाशकाचा वास का येतोय? मी थोडक्यात सांगितलं. ते थोडक्यात हसले.

मग बाई म्हणाल्या, ‘आणि नमुना?’

मी म्हटलं, ‘बाहेर बाकावर बसला आहे.’

खोलीत असं काही शांत झालं, की मला व्हरांड्यातल्या तारांच्या घागऱ्याचा आवाज ऐकू आला. मी घाईघाईने खुलासा करायला लागले, तोवर दारावर टकटक झाली. ‘आत येऊ का?’ काका होते. कान दाराला लावून बसले होते हे उघड आहे. आत आले ते ताठ, तिघांनाही एकेक नमस्कार केला, आणि खुर्चीत रेललेल्या दाढीवाल्यांकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की ते आपोआप सरळ बसले. मग काकांनी मीटरपट्टीबद्दल त्यांना काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मी त्यांना मुकाट्याने खोलीच्या मधोमध उभं केलं.

त्यांनी शर्ट काढला. (आत बनियन होता, काळजी नसावी.) परत घातला. चष्मेवाल्या बाई मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. म्हणाल्या, ‘एकोणीस सेकंद.’ काकांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, की विक्रम झाला. मग बाईंनी त्यांना विचारलं, ‘आधीच्या शर्टाला किती वेळ लागायचा?’

काकांनी आधी कॉलर सारखी केली. मग म्हणाले, ‘आधी वेळ मोजत नव्हतो. बायको मोकळी व्हायची वाट पाहत होतो.’

कुणी काही लिहिलं नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि माझ्याकडे वळल्या. ‘या शर्टात दोष काय आहे?’

मामा, काकांनी मला आत यायला शिकवलं होतं, बसायला शिकवलं होतं, दोष विचारले तर काय करायचं ते नव्हतं शिकवलं. मी म्हटलं, छातीवर दोन थर झाल्यामुळे उकडतं. बाई म्हणाल्या, अजून? मी म्हटलं, आणि हा… आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. हा शर्ट पुढून पूर्ण उघडत नाही. उद्या काका कुठे पडले, बेशुद्ध झाले, आमच्याच रुग्णालयात आणले, तर तपासायला नर्स काय करेल? शर्ट कात्रीने कापेल. सहा वर्षं मी असे कापलेले शर्ट पाहिले आहेत, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मी ते सगळं तसंच बोलून टाकलं. काका शेजारीच उभे होते, आपल्या बेशुद्ध पडण्याचं वर्णन फार गंभीरपणे ऐकत होते.

‘म्हणजे चुकलाच म्हणायचा,’ दाढीवाले म्हणाले.

मी म्हटलं, ‘हो. चौथा शिवावा लागेल.’

‘कसा?’

‘ते मला अजून येत नाही,’ मी म्हटलं. ‘म्हणून तर आलेय.’

वीस मिनिटं संपली होती.  बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मी काकांना म्हटलं, की मी आपल्याच हाताने आपलं नाव पुसून आले. ते म्हणाले, की एकतीस वर्षांत आपल्या तराजूतला दोष आपणहून सांगणारा दुकानदार त्यांना एकच भेटला. मी विचारलं, मग त्याचं तुम्ही काय केलंत? म्हणाले, ‘काही नाही. तिथे चहा घेतला. तपासायला काही उरलंच नव्हतं.’

तर असं आहे सगळं. आज रविवार. यादी लागायला अवकाश आहे. नाव असेल की नसेल, मला खरंच सांगता येत नाही. पण एक गंमत सांगते. मुलाखतीआधी मला वाटायचं, प्रवेश मिळाला नाही तर मी कुठे तोंड दाखवणार? आता तसं वाटत नाही. कागदावर चौथ्या शर्टाचा आराखडा काढायला घेतलाय, पुढून उघडणारा, आणि यादी लागो न लागो तो पुरा करायचाच आहे. (या आराखड्यातल्या माणसाला डोकं काढून पाहिलं. बटाट्यासारखं झालंय, पण आहे.)

मामींना आणि तुमच्या नव्या डोळ्याला जपा.

तुमची,
तीनदा ‘थोडक्यात सांगा’ ऐकूनही न सुधारलेली भाची

ता. क. : पाकीट बंद करायचं राहून गेलं होतं, आज बुधवार आहे. यादी लागली. माझं नाव आहे! खालून चौथं. पण खालून असलं तरी यादीच्या आतच धरतात, मी संस्थेत फोन करून खात्री करून घेतली. दोनदा. दुसऱ्यांदा तिकडच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, तुमचंच आहे.’ पुढच्या महिन्यात जायचं. दोन वर्षं, तिथेच राहून.

ता. क. दुसरा : मामा, पत्र लिहायचं खरं कारण आता लिहिते, आतापर्यंत धीर होत नव्हता. आईला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. मुकादमबाई यंदा निवृत्त होणार आहेत, आणि मी त्यांच्या जागेच्या मुलाखतीची तयारी करतेय असं मी तिला सांगितलंय. ती रोज सकाळी माझा ड्रेस इस्त्री करून ठेवायची, मला मान वर करून तिच्याकडे बघवत नव्हतं. बाबा गेल्यापासून ती आणि मी अशा दोघीच आहोत, आणि मी कायमच्या नोकरीत आहे या एका गोष्टीवर तिला रात्री झोप लागते. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की रजा बिनपगारी आहे, म्हणजे दोन वर्षं घरातून पगार आणि मी, दोन्ही जाणार? तुम्ही तिचे थोरले भाऊ. तुमचं ती ऐकते. दोन दिवस या आणि तुमच्या पद्धतीने तिला सांगा ना. तुमच्या पाया पडते (उसण असली तरी). आईच्या हाती लागू नये म्हणून हे पत्र मी मुकादमबाईंकडे टपालात टाकायला देतेय. त्यांच्या पोटातून गोष्ट बाहेर पडत नाही.

दादा,

हे खालचं अक्षर माझं, तुझ्या बहिणीचं आहे. मुकादमबाईंनी पत्र थेट माझ्या हातात आणून दिलं. अर्ज भरला त्या दिवसापासूनचं सगळं त्यांनी मला सांगितलंय, चादरीच्या परीक्षेचंसुद्धा. निरीक्षक भावजींनीही सांगितलं, पण ते मी मला काहीच माहीत नसल्यासारखं ऐकून घेतलं. यादी लागली त्या सकाळी मी तिच्याही आधी संस्थेत फोन केला होता. तिकडच्या बाई पोरीवर वैतागल्या असतील तर त्याला कारण मी आहे.

मला वाईट वाटायचं तेवढं वाटून झालंय. आता काही नाही. पण पोरीने चार महिने जीव मुठीत धरून हे सगळं केलंय, तर मला आधीच माहीत होतं असं तिला कळू देऊ नकोस, तिचा हिरमोड होईल. तू शनिवारी ये. जेवण झाल्यावर विषय काढ, जेवणाआधी नको. मी आधी चिडेन, मग थोडी रडेन, मग हो म्हणेन. मधे घाई करून मला समजावू नकोस, रडायला नीट वेळ दे.

आणि पुढच्या महिन्यात ती निघेल तेव्हा पुन्हा ये, आठ दिवसांचे कपडे घेऊन. ती गेल्यावर पहिला आठवडा मला एकटीला जमेल असं वाटत नाही. तेव्हा राहायला येशील ना?